गजभिये काकांचं लाल नाक

गजभिये काका अनोळखी माणसाला भेटले की नमस्काराआधी त्याच्या तोंडावर श्वास सोडतात.

"हाऽऽ! घे, वास घे. आला का?"

समोरचा गडबडून म्हणतो, "नाही बुवा."

"बस. आता जय भीम. मी गजभिये."

सक्करदऱ्याच्या वस्तीत आमच्या आणि काकांच्या घरात एकच भिंत आहे, त्यामुळे हा सोहळा मी लहानपणापासून पाहतेय. सिलिंडरवाला, नवा पोस्टमन, मतदारयादीवाल्या बाई, सगळे या परीक्षेतून गेले आहेत. वास येतो तो फक्त बडीशेपेचा.

याला कारण काकांचं नाक. तांबडं, जाडसर, त्यावर बारीक लाल रेषांचं जाळं आणि दोन्ही गालांवर पुरळ. असं नाक असलेला माणूस संध्याकाळी कुठे बसत असणार, हे आमच्या वस्तीने केव्हाच ठरवून टाकलं आहे. वास्तविक काका खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचा मजकूर वाचून परत करतात. "यात अल्कोहोल हाये. मले खोकला चालते."

या नाकावर वस्तीत सतत संशोधन चालतं. कुणी म्हणतं उष्णता आहे, सब्जा प्या. कुणी म्हणतं वीज कंपनीत मीटर वाचत जन्मभर उन्हात फिरले, त्याचं फळ. मेडिकलवाल्याने तर न विचारताच गोरं होण्याची ट्यूब दिली. ती लावली की नाक निवायचं, सोडली की दुप्पट पेटायचं. काका म्हणायचे, "हे ट्यूब दारूवानीच हाये बाप्पा. सोडाले गेलं का जास्त तरास देते."

त्यांनी स्वतःही काही नियम शोधून काढले होते. चहा बशीत ओतून पार थंड करायचा. सावजीच्या झणझणीत रश्श्यापासून लांब बसायचं. पण रागावर इलाज सापडत नव्हता. कुणी 'बेवडा' म्हटलं की काका चिडत, चिडले की आणखी लाल होत, आणि लाल झाले की लोक एकमेकांना म्हणत, "पाहा, चढली."

हेच काका दर रविवारी विहारात वंदना घेतात. वस्तीतल्या लग्नांत वधूवरांना पंचशीलही तेच देतात. पाचवं शील दारू आणि नशेपासून दूर राहण्याचं. तिथे आलं की मागच्या रांगेत पोरं खुसखुसतात. काका आवाज चढवून ते शील पूर्ण करतात.

पलीकडच्या गल्लीतल्या मेश्रामांच्या प्राचीचं लग्न ठरलं. तिला काकांनी लहानपणी खांद्यावर बसवून सक्करदऱ्याचा सारा तलाव फिरवला होता, तेव्हा पंचशील कोण देणार हा प्रश्नच नव्हता. एके सकाळी मेश्राम आले आणि दारातच उभे राहिले.

"दादा, वाईट नका मानू. पोराकडचे लोकं बाहेरचे हायेत. तुमचं नाक पाहून पाचव्या शीलाले हासतीन. दुसरा कोणी पाहून राहिलो."

काका "बरं" म्हणाले आणि दार लावून घेतलं.

माझं मात्र डोकं फिरलं. वरातीत झिंगून नाचणाऱ्यांना मानाचा फेटा, आणि थेंबही न पिणाऱ्याला नाकाच्या रंगावरून बाजूला करायचं? जन्मावरून माणूस जोखू नका असं सांगत मोठी झालेली ही वस्ती. तिने कातडीवरून जोखायचं? मी काकांना स्कूटरवर बसवलं आणि सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंच्या तोंडाला मास्क होता, त्यामुळे काकांचा 'हाऽऽ' वाया गेला. त्यांनी नाक नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "याला रोझेशिया म्हणतात. खूप जणांना होतो. चेहऱ्याच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या पटकन फुगतात. ऊन, गरम चहा, तिखट, राग, कशानेही भडकतो. काही जणांच्या नाकाची कातडी पुढे जाड होते."

"आन् दारू?" काकांनी विचारलं.

"दारूने काहींचा भडकतो. पण न पिणाऱ्यालाही होतो. सावळ्या चेहऱ्यावर हा आजार चटकन ओळखू येत नाही, म्हणून लोक पुरळ नाहीतर उष्णता समजतात आणि वाट्टेल ते लावतात. तुम्ही आणलेल्या या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे, तिनेच वाढवलंय. मी देते ते लावा, उन्हाला जपा. मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतो."

"दुसऱ्याले लागते का?"

"मुळीच नाही. घराण्यात मात्र येऊ शकतो."

परतताना आरशात दिसलं, काका मागे बसून नाक चाचपत होते.

मी स्कूटर सरळ मेश्रामांच्या दारात नेली आणि डॉक्टरांचं बोलणं शब्दन् शब्द ऐकवलं. प्राची आतून ओरडली, "बाबा, काका पंचशील देत नसतीन तं मी मांडवात येत नाही!" मेश्राम ओशाळून काकांचे हात धरू लागले. काकांनी मनात काही न ठेवता होकार दिला.

तरी माझं समाधान झालं नाही. आमच्या घरात राग आला की पत्रक निघतं. अंगणात बसून मी कागद पुढे ओढला. "काका, हे घराघरांत वाटते. 'गजभिये काका दारू पीत नाहीत, हा त्वचेचा आजार आहे.' कसं?"

"माहं नाव नोको टाकू वं."

"काहून?"

काकांनी माझ्या पेनावर हात ठेवला.

"आमच्या बाबाचं नाक असंच होतं. गावी, पारशिवनीत, सारे त्याले बेवडा म्हणत. तो मले म्हणे, पोरा, मी पेत नाही. मी नाही ऐकलं. होस्टेलवर भेटाले आला, तं पोराईले सांगतलं, हा आमच्या गावचा माणूस हाये. त्यानं ऐकलं ते. चिवड्याची पुडी ठेवली आन् गेला."

मी नवा कागद घेतला.

"बाबाचं नाव लिही," काका म्हणाले. "कालकथित झिबल गजभिये, पारशिवनी. हे दारू पेत नव्हते."

मी लिहिलं.

"ठळक कर. इथं तू वाट. पारशिवनीले मी जातो."