घरत सर जेवले का?

घरत सरांनी माझ्या डब्यातली पोळी उचलली, ट्यूबलाइटसमोर धरली आणि म्हणाले, "मॅडम, ही पोळी तुमच्या घरात जन्मलेली नाही."

कंपनीत रुजू होऊन मला तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते. महापेला एमआयडीसीत आमची बाटल्यांची झाकणं बनवायची कंपनी. मी अ‍ॅडमिनला, घरत सर क्वालिटीला. बावीस वर्षं झाकणं तपासून या माणसाची नजर अशी झाली होती, की समोर काहीही आलं तरी आधी त्यातला दोष शोधायचा. शंका आली की म्हणायचे, "सॅम्पल होल्डवर!" एकदा तर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकवर त्यांनी 'होल्ड'चा पिवळा स्टिकर चिकटवला होता. का, तर क्रीमचा वास संशयास्पद होता.

"चार पोळ्या," त्यांनी माझा डबा सगळ्यांना दाखवला. "चारही एका मापाच्या, एका जाडीच्या. घरी लाटताना मूल हाक मारतं, दूध वर येतं, कुकरची शिट्टी होते. एखादी तरी वाकडी होतेच. ही घरची नाही. भाजी होल्डवर. लोणचं मात्र तुमचं आहे. लोणचं पास."

मी ओशाळले, कारण ते खरं होतं. करंजाड्याहून कंपनीची बस सव्वासातला सुटते. त्याआधी मुलीची वेणी, तिचा डबा, नवऱ्याचा डबा, आणि सहा ते साडेसहा एवढाच वेळ येणारं पाणी. माझ्या वाट्याचा स्वयंपाक करायला वेळच उरायचा नाही. मग बिल्डिंगखालच्या पोळीभाजी केंद्रातून पार्सल घ्यायचं, जिन्यातच आपल्या स्टीलच्या डब्यात भरायचं आणि पिशवी कचऱ्यात टाकायची. सासूबाई लग्नात मला 'सुगरण' म्हणाल्या होत्या. ते नाव मी असं राखून होते.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रातल्या ताईंना म्हटलं, "एकदोन पोळ्या जरा वाकड्या लाटाल का?"

त्या लाटणं हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "वाकड्या? लोक गोल का नाही म्हणून भांडतात, बाई. बरी आहेस ना?"

तरी त्यांनी लाटल्या. घरत सरांनी दुपारी दोन्ही वाकड्या पोळ्या एकीवर एक ठेवल्या. "दोन्ही एकाच बाजूला वाकड्या. वाकडेपणा मुद्दाम केलेला आहे. मॅडम, हे तर जास्तच गंभीर."

त्या दिवसापासून मीही त्यांच्यावर डोळा ठेवायचं ठरवलं.

कारण संशय घ्यावा असा खरा डबा त्यांचाच होता. चार कप्पे. खाली तांदळाच्या भाकऱ्या, वर वालाचं बिरडं, त्यावर कधी सुक्या जवळ्याची चटणी, कधी कोलंबीचं कालवण, आणि शेवटच्या कप्प्यात भात. रोज! आणि माणूस तर माझ्याच स्टॉपवर, त्याच सव्वासातच्या बसला चढणारा. वाल भिजत घालायचे, मोड आणायचे, सोलायचे, भाकऱ्या थापायच्या, हे सगळं होतं कधी? करतं कोण?

"लग्न झालेलं नाही त्यांचं," पर्चेसच्या रेखाने मला पुरवलं. रेखाचं टेबल माझ्या शेजारी, आणि कंपनीतल्या प्रत्येकाबद्दल तिच्याकडे माहिती असायची. "मग बाई ठेवलीय का स्वयंपाकाला?" तिनेच पुढे विचारलं.

"आहे तर सांगत का नाहीत?"

"तेच तर!" रेखाचे डोळे चमकले. "आणि अजून एक. कधी घासभर तरी दिलाय कुणाला? आपल्या डब्यात बोट घालतात, स्वतःचा कुणाला हुंगूही देत नाहीत."

हे मात्र खरं होतं. एकदा मीच म्हटलं, "सर, बिरडं थोडं द्या ना, सुंदर वास येतोय." त्यांनी डबा स्वतःकडे ओढला आणि म्हणाले, "सॉरी मॅडम. हे मलाच संपवायचं असतं." आणि शेवटचं शीतसुद्धा बोटाने पुसून खाल्लं. खाण्याची आवड असलेला माणूस असा खात नाही. गोळी घ्यावी तसे ते खायचे.

बरोबर एक वाजून दहा मिनिटांनी ते उठून खिडकीशी जायचे आणि फोन लावायचे. रेखाने वॉटर कूलरशी उभं राहून एकदा ऐकलं होतं. "सगला खाल्ला. ठनठनीत हाय." एवढंच. रोज हेच.

जेवण झाल्याचा रिपोर्ट कोण घेतं? आणि आपण ठणठणीत आहोत हे कुणाला कळवावं लागतं? रेखाचं म्हणणं, बाहेर काहीतरी प्रकरण आहे. मला वाटायचं, ते डब्यांचा धंदा करत असतील आणि रोज स्वतःच चव घेऊन ओके देत असतील. पुण्याच्या प्लँटचं प्रमोशन त्यांनी नाकारलं होतं, ओव्हरटाइमला ते कधी थांबत नसत. माझ्या मनात सगळं त्या धंद्याशी जुळत गेलं. मला पोळीवरून पकडणारा हा माणूस स्वतःच कुठेतरी पकडला जाणार, याची मी वाट बघत होते.

तो दिवस आला ऑडिटचा. मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचे तीन लोक आले होते. मीटिंग रूममध्ये मोबाइल नेऊ देत नव्हते, म्हणून सगळ्यांचे फोन एका ट्रेमध्ये माझ्या टेबलावर. पाहुण्यांसाठी बाहेरून जेवण मागवलेलं. बारा वाजले, एक वाजला, मीटिंग काही उठेना.

एक वीसला घरत सरांचा फोन वाजला. स्क्रीनवर 'मंदाताई'. रेखाने खुर्चीसकट माझ्याकडे धाव घेतली. "घे ना!"

मी नाही घेतला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला. चौथ्यांदा मात्र मी उचलला, आणि खोटं कशाला बोलू, काळजीपोटी नाही, उत्सुकतेपोटी उचलला.

"साहेब जेवले का हो?" पलीकडून एका बाईंचा घाबरलेला आवाज आला.

"मीटिंगमध्ये आहेत. आपण कोण?"

"मी आजींना सांभाळते, साहेबांच्या आईला. ताट घेऊन बसलेय कधीची, एक घास घेत नाहीत. म्हणतात, फोन नाय आला म्हणजे त्यो जेवून मेला, आता मला मारताय काय. शुगरची गोळी दिलीय हो मघाशी. खाल्लं नाही तर चक्कर येईल त्यांना. साहेबांना जरा जेवायला सांगा!"

रेखा तोंडावर हात ठेवून उभी होती. मी चिठ्ठी लिहिली, 'आजी जेवत नाहीत', आणि आत नेऊन सरांसमोर ठेवली.

ते ताडकन उठले. मॅनेजर म्हणाले, "घरत, काय झालं?"

"पाच मिनिटं. मला जेवायचंय."

"अरे, पाहुण्यांबरोबर जेवण येतंय ना आता."

"ते नाही चालणार, सर. माझंच जेवायचंय."

कॉरिडॉरमध्ये वॉटर कूलरवर डबा ठेवून ते उभ्या उभ्या जेवले. भाकरीचे दोन घास, पाणी, पुन्हा दोन घास. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला, तरी थांबले नाहीत. मग फोन लावला. "आये, सगला खाल्ला. हां, ठनठनीत हाय. ऐक माझा आवाज. जेव आता." पलीकडे आजी जेवायला लागेपर्यंत फोन कानाला धरून उभे राहिले. आत ऑडिटवाले घड्याळ बघत होते.

संध्याकाळी बसमध्ये ते माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. पनवेल गेल्यावर त्यांनी डबा मांडीवर घेतला.

"आईला आजार आहे," मग म्हणाले. "दोन वर्षं झाली. तिला वाटतं, जमिनीच्या कागदांसाठी कुणीतरी तिला विष घालणार. हॉटेलचं नको, शेजारचं नको, मंदाताईंच्या हातचं नको. तिच्या डोळ्यांसमोर रांधायचं, त्याच टोपातून माझा डबा भरायचा. तो दुपारी खाऊन मी जिवंत राहिलो तरच ती जेवणार. संध्याकाळी डबा उघडून बघते."

"मग सर, न जेवता नुसता फोन केला तर?"

"करून बघितलंय. बाकी सगळं विसरली ती, पण मी खोटं बोललो की फोनवरसुद्धा ओळखते."

मला माझी पिशवी कचऱ्यात टाकण्याची लगबग आठवली आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले. उतरताना ते म्हणाले, "रविवारी सकाळी या. बिरडं मागितलं होतंत ना. घरी देता येतं, डब्यातलं नाही."

रविवारी गेले. करंजाड्याच्या जुन्या गावातलं दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघराच्या दारातच प्लास्टिकच्या खुर्चीवर आजी बसल्या होत्या, हिरवं लुगडं, नजर टोपावर. घरत सर लुंगी-बनियनवर भाकरी थापत होते. पावणेपाचला उठतात, म्हणाले. वाल आदल्या संध्याकाळी सोलून ठेवायचे, वाटण रविवारी करून ठेवायचं, पण फोडणी आणि भाकरी तिच्यासमोरच. ऑफिसमध्ये सगळ्यांना होल्डवर ठेवणारा हा माणूस इथे स्वतः तपासणीला उभा होता. मीठ टाकलं की डबी आजींना दाखवायचे. हळद टाकायची तर चिमूटभर आधी आपल्या जिभेवर.

"कोन गो तू, बाय?" आजींनी मला विचारलं.

"ऑफिसात आहे मी, यांच्याबरोबर."

"बस. पन आदी त्याला खाऊ दे हां. मंग तू खा."

सरांनी टोपातलं बिरडं वाटीत घेतलं, भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला आणि तोंड उघडून दाखवलं. आजींनी बराच वेळ त्यांच्याकडे निरखून बघितलं. मग माझ्या ताटलीकडे हाताने खूण केली. मी खाल्लं. इतकं चांगलं बिरडं मी आयुष्यात खाल्लेलं नाही.

आजीही हळूहळू जेवायला लागल्या. अर्धी भाकरी झाल्यावर त्या थांबल्या.

"तुजी आयस हाय का रे?" त्यांनी सरांना विचारलं.

"हाय."

"तिला म्हाईत हाय का, पोर लोकांचे घरी जेवान रांदतंय?"

सरांनी तव्यावरची भाकरी उलटली. "म्हाईत हाय."

"मंग तिला सांग," आजी पुढचा घास घेत म्हणाल्या, "पोराचा हात चांगला हाय."

"सांगतो," घरत सर म्हणाले, आणि पाण्याचा हात लावून पुढची भाकरी थापायला घेतली.