नमुन्यात भेसळ

"मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," असं ते वरचेवर म्हणत, आणि ते खरंही होतं. डेअरीत छत्तीस वर्षं दूध तपासलं; कॅनमध्ये वाटीभर पाणी पडलं तरी त्यांच्या तावडीतून सुटत नसे. सगळे त्यांना साहेब म्हणत. बायकोही म्हणे, फक्त तिचा सूर वेगळा असे.

साहेबांना बारा वर्षांपासून मधुमेह. गेल्या महिन्यात लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन नावाचं प्रथिन थोडं जास्त निघालं. डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडाची चाळण किंचित सैल झालेली दिसतेय. पुन्हा एकदा तपासू. तसंच निघालं तर लगेच औषध सुरू करू." साहेबांनी त्यातलं 'मूत्रपिंड' तेवढं ऐकलं. त्यांचे थोरले भाऊ आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात, आणि परतल्यावर त्यांना हात धरून गाडीतून उतरवायला साहेबच जात. ते मनातून पार घाबरले होते. पण तसं कबूल करतील तर ते साहेब कसले?

दुसऱ्या तपासणीच्या सकाळी त्यांनी न्हाणीघराचं दार लावलं आणि अर्ध्या भरलेल्या बाटलीत नळाचं पाणी घातलं. प्रथिन निम्मं, काळजी निम्मी. मग त्यांचा अनुभव जागा झाला. नुसतं पाणी घालणारा कच्चा भेसळवाला पहिल्याच दिवशी पकडला जातो; मुरलेला असतो तो वर साखर घालून दाटपणा भरून काढतो. साखरेचा डबा बायकोने कुठे दडवलाय ते तिचं तिलाच ठाऊक. पण रक्तातली साखर अचानक उतरली तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला ग्लुकोजचा डबा फडताळात होता. साहेबांनी त्यातले दोन चमचे घातले, बाटली हलवली आणि उजेडात धरून पाहिली. माल पहिल्या प्रतीचा दिसत होता.

मधुमेह्याच्या लघवीत आपण साखर घालतोय, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

साहेब बाटली लॅबमध्ये देऊन आले. तासाभरात लॅबमधल्या मुलीचा फोन आला, आणि तो नेमका बायकोने घेतला.

"काकू, काका शुद्धीवर आहेत ना?"

"पेपर वाचतायत. का गं?"

"त्यांच्या नमुन्यात साखर इतकी आहे की पट्टी पार काळी पडली. असाल तसे निघा."

मग काय विचारता! बायकोने शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली, लेकीला कामावरून बोलावलं, लेकीने डॉक्टरांना लॅबमध्ये बोलावून घेतलं. "अगं, मला काही झालेलं नाही," असं साहेब म्हणाले, तर बायको रडत शेजाऱ्यांना म्हणाली, "बघा, बरळायला लागलेत." दोघांनी काखेत हात घालून त्यांना गाडीत बसवलं.

लॅबमध्ये बोट टोचलं. साखर एकशे अडतीस. दुसरं टोचलं. एकशे छत्तीस. डॉक्टरांनी दुसरं यंत्र मागवलं, तेव्हा साहेबांनी उरलेली बोटं मुठीत लपवली.

"थांबा. बाटलीत दोन चमचे ग्लुकोज आहे. आणि अर्धं पाणी."

बायकोने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे असं पाहिलं की साहेबांना सगळी बोटं टोचून घेणं परवडलं असतं.

लॅबमधली मुलगी मात्र हसली. "काका, तुमचं पाणी वाया गेलं. आम्ही नुसतं अल्ब्युमिन नाही बघत. शरीर क्रिएटिनिन नावाचा टाकाऊ पदार्थ रोज साधारण ठरावीकच लघवीतून टाकतं. पाणी घातलं की दोन्ही सारखीच पातळ होतात, म्हणून आम्ही एकाला दुसऱ्याने भागतो. उत्तर तीसच्या आत हवं. मागच्या वेळी अठ्ठेचाळीस आलं होतं, आज सत्तेचाळीस."

साहेबांनी तिच्या हातातला अहवालाचा कागद घेतला आणि दोन्ही आकडे स्वतः पडताळून पाहिले.

"ज्याने हे शोधून काढलं ना, त्याच्या पाया पडायला पाहिजे," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून डॉक्टरांना विचारलं, "माझंही भावासारखंच होणार का?"

"त्यांना कळेपर्यंत फार उशीर झाला होता," डॉक्टर म्हणाले. "तुमचं अगदी सुरुवातीला कळलंय. आत्ता सांभाळलं तर पुष्कळ काही वाचतं. पण त्यासाठी नमुना तुमचा लागतो, नळाचा नाही."

साहेबांनी गोळी एक दिवस चुकवली नाही. मीठ कमी केलं, रोज चालायला लागले. तीन महिन्यांनी ते नमुना देऊन ताठ मानेने बाकावर बसले. आकडा एकवीस आला.

लॅबमधल्या मुलीने कागद पाहिला, साहेबांकडे पाहिलं आणि एक कोरी बाटली पुढे केली.

"काका, खरं सांगा. या वेळी काय घातलंत?"

"शप्पथ, काही नाही गं!"

"मग पुन्हा द्या. काकू, तुम्ही जरा सोबत जाता का?"

पोरीचं काम किती चोख आहे, याचं कौतुक करत साहेब बाटली घेऊन निघाले, आणि मागून बायको बजावत निघाली, "दाराला कडी लावायची नाही."