ब्रॅकमधली अंगठी

ओट्यावरचा ब्रॅक पाहताच अट्रॅक्टाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बेदाण्याच्या गोड पावाच्या तीन फोडी गायब होत्या, आणि त्यांत तिनं खुणेची चेरी लावलेली फोडही होती.

"मॅलकी! चेरीची फोड कुठाय?"

"दिली," पेपरातून मान न काढता नवरा म्हणाला. "तोंडाला गवत बांधून तिघं सोंगं खाऊ मागायला आली होती."

"माझी फोड द्यायला कुणी सांगितलं?"

"अगं, हॅलोविनला मेलेली माणसं घराकडे येतात. गवताआड आपला आजा असला तर? म्हणून चांगलीतली दिली."

"तुझा आजा जिवंतपणी कधी फिरकला का इकडे!"

त्या फोडीत तिच्या आईची सोन्याची अंगठी होती. हॅलोविनच्या ब्रॅकमध्ये ज्याला अंगठी मिळते, त्याचं वर्षाच्या आत लग्न होतं, हे अख्ख्या लाइट्रिम परगण्याला ठाऊक. लेक डर्व्हला अकरा वर्षं कोलमनबरोबर फिरत होती आणि तो मठ्ठ लग्नाचं नावच काढत नव्हता. आज पाच वाजता तो चहाला यायचा होता. फोड त्याच्याच बशीत पडायची होती.

अट्रॅक्टा एप्रनसकट रस्त्यावर आली. चर्चच्या भिंतीपाशी तिघं सापडली. पण नाव बरोबर ओळखल्याशिवाय सोंग तोंड उघडत नाही, मुखवटाही काढत नाही.

"तू टिअर्नन! तुझे पाय कुठंही ओळखीन. अंगठी?"

"नाही हो, काकू."

"तू फिडेल्मा!"

तिच्याकडेही नव्हती. तिसरा उंच गडी गालावर हात धरून पळू लागला.

"पळतोस कुठं, मेल्या!" तिनं त्याचं गवत मुठीत धरलं आणि अर्ध्या गावाची नावं घेतली. प्रत्येक नावाला मान हलली. शेवटी ती किंचाळली, "शुद्ध ठोंब्या! अगदी त्या कोलमनसारखा!"

गवत खाली आलं. आत कोलमनच होता. दात तुटलेला, तळहातावर अंगठी.

तिनं त्याला कॉलर धरून घरी आणलं. "डर्व्हला! अंगठी यालाच मिळाली! आता बघू लग्न कसं टाळतो ते!"

डर्व्हलानं किटली खाली ठेवली. "आई, तो दर वर्षी विचारतो. नाही मी म्हणते."

अट्रॅक्टानं कोलमनची कॉलर सोडली आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस रे बाळा. फार दुखतोय का दात?"

आणि बाह्या सरसावत ती लेकीकडे वळली.