सोन्याची झूल

"ह्याच्यावर अक्षरं उठतील का रे तुझ्या मशीनवर?" धाकलूकाकांनी पिवळ्या कापडाची लांब पट्टी हरेशच्या टेबलावर पसरली.

शहापूरच्या बाजारात रंगीत प्रिंटरचं नवं दुकान निघाल्यापासून हरेशचा जुना, सुयांनी टकटक ठोकणारा प्रिंटर मागे पडला होता. पण जाड पुठ्ठा म्हणाल तर तोच छापायचा. त्या भरात हरेश चारचौघांत बोलून बसला होता, "कागद कुनीपन छापतो. कापड आना माज्याकडं!"

आता कापड आलं होतं. भाड्याने ट्रॅक्टर मिळू लागल्यावर काकांनी म्हशाच्या जत्रेत बैल विकायचं ठरवलं होतं. त्याच्या पाठीवर घालायच्या ह्या झुलीवर लिहायचं होतं, 'धाकलूचा सोन्या विकणे आहे'. सोन्याला वासरापासून वाढवणारी काकांची बायको सकुबाई सोबत आली होती, पण नवऱ्याशी धड बोलत नव्हती. कापडाला पेजेची कडक खळ मात्र तिनेच दिली होती.

"काकी, मागचं टोक धरा. जसं आत जाईल तसं सोडत राव्हा."

हरेशने जाडीचा खटका मागे ओढला. प्रिंटर कण्हत सुरू झाला. 'धाकलूचा' उठलं. 'सोन्या' उठलं. काका लहान पोरासारखे हसले.

तेवढ्यात कापड थांबलं. सुया मात्र थांबेनात. एकाच जागी अक्षरावर अक्षर ठोकत राहिल्या. हरेशने मागे पाहिलं. सकुबाईने टोक दोन्ही मुठींत आवळून धरलं होतं.

"काकी, सोडा!"

"सोडलंय रे," ती शांतपणे म्हणाली. सोडलं नव्हतं.

शाईची फीत तुटली, प्रिंटर गप्प झाला. कापड निघालं तेव्हा 'विकणे आहे'च्या जागी वीतभर काळा डाग होता.

"शाई सांडली वाटतं," सकुबाई म्हणाली. हरेशने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, "मशीन जुनी झाली, काका."

दुसरं कापड आणायला वेळ नव्हता. काका तीच झूल घालून सोन्याला घेऊन जत्रेला गेले. आठवड्याने दुकानात आले ते एकटे नाहीत. मागे गावचे पाचसहा शेतकरी.

"इकला का?" हरेशने भीतभीतच विचारलं.

"गिऱ्हाइकं आली रे. पन नाव घालून असा उभा राहिला ना, जसा नवरदेव! माझ्या तोंडातनं किंमतच निघं ना. परत आनला." काका लाजून हसले. "तुझी काकी परवापासून बोलतेय माझ्याशी."

हरेशचा जीव भांड्यात पडला. एवढ्यात मागच्यातल्या अनंताने आपलं कापड पुढे केलं.

"आमच्या बैलांची पन नावं काढ. आनि शेवटी तो काळा ठिपका पायजेच हां. त्याच्यानं नजर लागत नाय."

हरेशने कपाळाला हात लावला आणि नवी फीत चढवली. मग अनंताला म्हणाला, "मागचं टोक धरा. मी सांगंन तवा घट्ट आवळा."