नेरूळ प्रांती जळक्या वासाचे पारिपत्य

श्री.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, कार्तिक मासी, नेरूळ कसब्यातील एका मोटारीस जळक्या रबराचा दर्प सुटून जे रण माजले, त्याविषयी सोसायटीच्या व्हॉट्सॲप दरबारी नाना प्रवाद उठले. कोणी क्लच म्हणे, कोणी दृष्ट म्हणे, आणि कोणी काही ठाऊक नसता नुसता अंगठा वर करी. सबब जे पाहिले, हुंगिले आणि वहीत टिपिले, तितकेच येथे लिहिले असे.

मोटार पांढरी, वये बारा वर्षांची. कागदोपत्री धनी राजश्री सुभाषराव, तळोजे प्रांती एका रसायनाच्या कारखान्यात यंत्रदुरुस्तीची सुभेदारी एकतीस वर्षे करोन निवृत्त जाहलेले. परंतु तिजवर स्वारी त्यांच्या कुटुंबाची, वैजयंतीबाईंची. बाईंनीही त्याच मुलखी दुसऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत हयात घालविली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या, आणि तेव्हापासून कोठे, कशास आणि परत कधी, हे तीन सवाल त्यांस कोणी केले नाहीत. मोटार म्हणजे बाईंचे स्वराज्यच म्हणावे.

कार्तिक वद्य प्रतिपदेस, गुरुवारी, बाई उलव्यास लेक जाई हिचे घरी पोहोचतात तो बॉनेटाखालून जळक्या रबराचा भपकारा उठला. परतोन वर्दी दिली, तेव्हा सुभाषरावांनी मुखापुढील वर्तमानपत्र न हलविता फर्माविले की हा तळोज्याचा वारा. ज्या वासाचा धनी सापडेना तो तळोज्याचे माथी मारावा, हा या मुलखाचा जुना दंडक. परंतु बाईंनी तपास करोन अर्ज गुजारला की, वास आला ते समयी उलव्यास वारा पश्चिमेचा होता, तळोजे ईशान्येस आहे, आणि वाऱ्याविरुद्ध चाल करोन येणारा वास आजवर कोणत्याही प्रयोगशाळेत आढळला नाही. ऐसे तळोजे निर्दोष सुटले, आणि बाईंनी तशी नोंद वहीत केली.

मग दुसरे फर्मान सुटले.

"मग क्लच गेला. तू क्लचवर पाय ठेवून बसतेस, वैजू. मी तीन वर्षं सांगतोय."

आणि त्यासरशी मसलत उघड जाहली की, उलव्याचे धर्मराज नामे गृहस्थ रविवारी मोटार पाहावयास येणार, आणि पसंत पडल्यास घेऊन जाणार. राव म्हणाले, या वयात टेन्शन कशाला, रिक्षा आहेत की. बाई पुसत्या जाहल्या, "आणि रविवारपर्यंत वास गेला तर? माझ्या पायाचा दोष नाही असं निघालं तर?"

"तर गाडी तुझ्या नावावर करतो," ऐसे रावांनी हरण्याची शक्यता शून्य धरोन वचन दिले.

शुक्रवारी प्रातःकाळी बाईंनी पार्किंगमध्ये मोर्चे लाविले. मोटार जागीच उभी, गिअर न्यूट्रल, दोन्ही पाय जमिनीस टेकलेले, आणि इंजिन चालू. दहा मिनिटे वासाचा मागमूस नाही. मग एसी लाविला, तो तिसऱ्या मिनिटास शत्रू प्रकट जाहला. एसी बंद करिता हटला. हा प्रयोग तीन वेळा केला, कारण एकदा घडे तो योगायोग. क्लचास कोणी शिवले नसता वास येतो, सबब क्लच आणि बाईंचा पाय, उभयतां निर्दोष. इतक्यात शेजारच्या सुमित्राबाई लिंबू-मिरचीची कुमक घेऊन धावल्या आणि म्हणाल्या, "वैजूताई, दृष्ट लागलीय गाडीला, ऐका माझं." बाईंनी कुमक सादर स्वीकारिली, आणि दुपारी लिंबाचे सरबत जाहले.

शनिवारी एसी न लाविता स्वारी सारसोळ्यास निघाली. तेथे मूळचे साताऱ्याचे हौसेराव मेकॅनिक यांचे गॅरेज. त्यांनी बाईंची वही मानेने होकार भरीत वाचली, आणि म्हणाले, "काकू, निम्मं काम तुमीच केलंय. एसी लावला की बेल्टावर लोड येतो. बेल्टच बघाय पायजे." मग बॉनेट उघडोन, बॅटरीचा उजेड पाडोन ते आत शिरले.

"काकू, ह्यात झेंडू हाय."

बेल्ट ज्या चाकावरोन फिरतो त्या पुलीच्या खाचेत हिरवा नायलॉनचा दोरा वेढे घालोन वितळला होता, त्यात वाळल्या पाकळ्या अडकल्या होत्या, आणि बेल्ट त्यावर घसरोन करपला होता. तेव्हा बाईंस खंडेनवमी आठवली. तळोज्याच्या कारखान्यात त्या दिवशी यंत्रास हार घालण्याची चाल. ती चाल पाळोन सुभाषरावांनी स्वहस्ते बॉनेट उघडिले होते, बाहेरचा हार शोभेचा, पूजा यंत्राची करावी ऐसे बजाविले होते, आणि इंजिनाच्या गळ्यात हार बांधिला होता. सव्वा महिन्यात फुले झडली आणि दोरा खाली उतरला.

"दसऱ्यापासनं ह्ये चौथं गिऱ्हाईक," हौसेराव बेल्ट बदलीत म्हणाले. "समदी तळोज्याची रिटायर मानसं."

बाईंनी जुना बेल्ट आणि दोरा मागोन घेतला.

रविवारी धर्मराज आले, एसी पूर्ण लावोन उलव्याच्या पुलापर्यंत जाऊन आले, आणि म्हणाले की गाडी फर्स्टक्लास आहे, घेतो. वास कसला, ते त्यांस कळलेच नाही. तेव्हा बाईंनी पोह्यांच्या बशीशेजारी दुसरी बशी सुभाषरावांपुढे ठेविली. रावांनी बशीतला दोरा उचलोन पाहिला. टोकास एक गाठ शाबूत होती. ऐसी दुहेरी गाठ त्या घरात एकच माणूस मारी.

"ही विकायची नाही," राव धर्मराजांस म्हणाले. "म्हणजे, मला विकता येत नाही. हिची आहे."

बाईंनी विजयाची वाच्यता केली नाही. वही उघडोन तळोज्यास निर्दोष ठरविणारी ओळ खोडिली, कारण पुरावा बदलता निकाल बदलावा, ऐसे शास्त्र, आणि रावांपुढे वही धरोन म्हणाल्या, "तुमचंच बरोबर होतं. वास तळोज्याचाच."

मंगळवारी मोटारीचे कागद बाईंच्या नावे करण्याचा अर्ज दाखल जाहला. त्याच दिवशी बाई दोन प्रहरी स्वारी घेऊन बाहेर पडल्या. कोठे, ते या लेखकास ठाऊक नाही, आणि पुसण्याचा अधिकार कोणासही नाही. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. दोरा वहीत चिकटविला असे.