नारोपंत विलायतेला निघतात

नारोपंत बंगईवर बसून जेवत. मांडीवर ताट, डाव्या हातात बंगईची कडी, आणि मागून त्यांची थोरली विधवा बहीण आक्का झोके देणार. निम्मे वरण पोटात जाई, निम्मे पोटावर. अकोल्याच्या शाळेत आम्ही दोघेही मास्तर. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटले, यांना वैशाखाचे ऊन लागले.

"जहाजाची सवय करून राहिलो," ते म्हणाले. "पोट ढवळत राहिलं तं पुस्तक कसं वाचू?"

"बंगईनं समुद्राची सवय होते होय?"

"करून पाहा, मंग बोला!"

हे त्यांचे पालुपद. मुंबईच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत असताना वडील वारले आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुढे अमेरिकेत लढाई जुंपली, आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि अख्खे वऱ्हाड चळले. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली. नारोपंतांना मात्र जुन्या पुस्तकांची आठवण झाली. अमरावतीच्या एका व्यापाऱ्याला विकत घेतलेल्या कापसात पाणी मारल्याचा संशय होता. यांनी तो कापूस तव्यावर सुकवून, आधी आणि नंतर तोलून ते सिद्ध केले. व्यापारी इतका खूश झाला की विलायतेला शिकायला पाठवतो म्हणाला.

विलायतेच्या कॉलेजातून उत्तर आले, की मुंबईचा अभ्यास धरता येणार नाही, पहिल्यापासून सुरुवात करा. पस्तिशीचा माणूस मिसरूड फुटलेल्या पोरांच्या बाकावर! नारोपंत वरवर हसले, पण तेव्हापासून शाळेत दिवसातून दहादा विचारत, "मास्तर, मले जमन ना?" मी स्वभावाने भित्रा. मी काय धीर देणार, कपाळ!

त्यात त्यांनी नवे खूळ काढले. त्या काळी समुद्र ओलांडला की माणूस बाटला, आणि त्याच्या घरचेही वाळीत. नारोपंत म्हणाले, "जायच्या आधीच माझा घटस्फोट करून टाका." म्हणजे नातलगाने पाण्याने भरलेला घट लाथेने लवंडायचा आणि जिवंत माणसाला मेला म्हणायचे. मग त्याच्या पापाशी घरच्यांचा संबंध उरत नाही. मला संताप आला. आईविना पोराला ज्या आक्काने वाढवले तिचे ओझे हा गृहस्थ असे झटकतो?

अकोल्याच्या शास्त्रीबुवांनी हात जोडले. "अरे, पाप कुठं आहे अजून? आधी समुद्र ओलांड, मग पाहू."

"ओलांडल्यावर पाहाले मी इथं कसा असीन?"

"शास्त्रात आगाऊ घटस्फोट नाही!"

मग बैलगाडीने अमरावती. सोबतीला मी, वाटभर गाल फुगवून. तिथल्या वृद्ध शास्त्र्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मरायची एवढी घाई कशाला?"

जगाशी वाद घालणाऱ्या नारोपंतांनी मान खाली घातली. "आक्का गावच्या कार्यात सोवळ्याचा स्वयंपाक करते जी. त्याबिगर तिले दुसरं काहीच नाही. मी बाटलो तं तिच्या हातचं कोणी खाईन का?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शास्त्र्यांनी अकोल्याच्या शास्त्रीबुवांना चिठ्ठी लिहून दिली, की घटस्फोट आगाऊ करायला हरकत नाही.

घट लवंडायला सख्खे माणूस लागते, आणि यांना आक्काखेरीज कोणी नव्हते. ऐकल्यावर ती कडाडली, "काहून रे? तुले मारून मी जगू?" तीन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी चार ब्राह्मणांसमोर तिने घट लवंडला, पदर तोंडात कोंबला आणि घरात गेली. नारोपंतांना आता उंबरा बंद झाला.

रेल्वेपर्यंत जाणाऱ्या कापसाच्या गाड्या नदीकाठी तयार होत्या. व्यापाऱ्याचा माणूस ओरडत होता, जहाज काही थांबणार नाही. पण नारोपंत हलेनात. दुसऱ्या दिवशी एका घरी मुंज होती आणि स्वयंपाक आक्काचा होता. "पंगत जेवली का ते पाहून या, मास्तर. मंग जातो."

पाने वाढली. संकल्प सुटला. एकही हात भाताला लागेना. लोक एकमेकांकडे पाहत होते. मी स्वतःच सुरुवात करावी, तर तेवढेही धाडस होईना. शेवटी मुंजीच्या घरचे म्हातारे काका खाकरले, त्यांनी चित्राहुती घातल्या आणि पहिला घास घेतला. मग पंगत अशी जेवली की विचारू नका.

हात धुऊन मी नदीकडे धावत सुटलो. नारोपंत रस्त्यातच उभे होते.

"जेवले?"

"जेवले! वरण दोनदा मागून घेतलं."

ते खदखदून हसले आणि हसता हसताच त्यांनी बाहीने डोळे पुसले. गाडीवानाने बैल जुंपले. गाडीत चढून बसल्यावर ते वाकले. "अन् आक्का? ती जेवली?"

निघताना मी स्वयंपाकघरात डोकावलो होतो. आक्का विझल्या चुलीपुढे बसली होती. कालपासून तिने पाण्याखेरीज काही घेतले नाही, असे घरची बाई सांगत होती.

"जेवली," मी म्हणालो. "पोटभर जेवली."