नानांचं दुसरं जिन

आमच्या बाभुळगावच्या नाना वकिलांची दाढी रोज दोन दुकानांत होत असे. डावा गाल एका न्हाव्याकडे, उजवा दुसऱ्याकडे. मधल्या रस्त्यानं ते अर्ध्या तोंडाचा फेस मिरवत ऐटीत चालत. "एकालेच सारी दाढी देली तं दुसरा दुकान बंद करते. मंग पहिला वस्तरा घासाचंही सोडून देते," असं वर आम्हालाच समजावत.

"माणसाले दुसरं दार पाह्यजे," हे त्यांचं पालुपद. बायको वारलेली, मुलगा नागपूरला. ऐकायला घरात कोणी नाही, म्हणून शेजारी या नात्यानं मी आयताच सापडे.

साठ सालच्या सुमारास गावात सरकी काढायचा कारखाना, म्हणजे जिन, एकच होतं. तांड्यावरची सोनीबाई तिथं पुरुषांइतकीच कापसाची गाठोडी वाही. मजुरी मात्र बाईची म्हणून कमी. "काहून?" एवढंच तिनं विचारलं, तर मुनीमानं भर हंगामात तिला काढून टाकलं. घर तिच्यावरच चालायचं. ती रडतच नानांकडे आली. "आता कोठी जाऊ, नाना? दुसरं जिनच नाही."

नानांनी कोर्ट सोडून कुठूनसा जुना लाकडी रेचा, म्हणजे सरकी काढायचं हातयंत्र, पैदा केला, ओसरीत मांडला आणि पाटी लावली: 'दुसरं जिन'. सोनीबाईला पुरुषाची मजुरी! पण बरोबरीला पुरुष नको? म्हणून नाना स्वतःच दांडा फिरवायला बसले आणि संध्याकाळी आपल्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात तेवढीच मजुरी टाकू लागले. आम्ही पोट धरधरून हसलो. सोनीबाई मात्र त्यांना दटावी, "हळू फिरवा ना, नाना. बोट जाईन माहं!" नाना निमूट ऐकत. न्यायाधीशाचं त्यांनी कधी इतकं ऐकलं नव्हतं.

पाटीची बातमी जिनात पोचली. "आमी बी तिकडंच जातो," म्हणत बायांनी गाठोडी खाली ठेवली. कापसाच्या बैलबंड्या फाटकाशी खोळंबल्या, तसा मुनीम वरमला. बायांना पुरुषांइतकी मजुरी कबूल झाली आणि सोनीबाईला परत बोलावणं आलं.

"जाऊ का, नाना?"

"जाय माय. याच्याचसाठी तं केलं."

दुसऱ्या दिवशी मी अभिनंदन करायला गेलो. नाना रिकामाच रेचा फिरवत बसले होते. खटला जिंकलेला वकील इतका पडेल चेहऱ्याचा मी पाहिला नव्हता. मला एकदम वाईट वाटलं. "मग, आता पाटी काढायची ना?"

"राहू द्या." समोरचा सोनीबाईचा पाट त्यांनी हातानं पुसला. "घाई नसन तं बसा थोडं. सकाळपासून मले कोणी रागावलं नाही."